आजीच्या कपाटाचा कुबट वास

गावचं घर विकलं तेव्हा माझ्या वाटणीला आजीचं कपाट आलं. सागवानी, दोन दारांचं, खाली तीन ड्रॉवर. राजापूरहून टेम्पोने ठाण्याला आणलं, हमालांनी कसंबसं तिसऱ्या मजल्यावर चढवलं. त्यांना पाणी देऊन मी मोठ्या कौतुकाने दार उघडलं, तर स्वयंपाकघरातून बायकोचा आवाज आला, "अरे, ओलं फडकं कुठे राहिलंय का?"

पुढचा पावसाळाभर मी त्या कपाटावर सगळे चुकीचे उपाय केले. डांबरगोळ्या टाकल्या, अगरबत्ती फिरवली, वाटीत कॉफीची पूड ठेवली, अत्तराचा फाया ठेवला. कुबट वासात मोगरा मिसळला की जे काही तयार होतं, त्यापेक्षा नुसता कुबट परवडला. बऱ्याच दिवसांनी लक्षात आलं की मी वासाशी भांडत होतो, आणि भांडायला हवं होतं ओलीशी. सागाला असा वास नसतोच. तो येतो लाकडात मुरलेल्या दमटपणाचा आणि त्यावर पोसलेल्या बुऱ्याचा.

तुमच्याकडेही असं एखादं कपाट, पेटारा, टेबल किंवा दिवाण येऊन पडला असेल, तर खालच्या क्रमाने जा. क्रम मोडलात तर मेहनत फुकट जाते, हे मी स्वतः करून पाहिलंय.

आधी वास ओळखा

सगळे जुने वास एक नसतात आणि त्यांचा उपायही एक नसतो. प्रत्येक ड्रॉवर बाहेर काढून त्यात नाक घाला.

मातकट, बंद माजघरासारखा किंवा ओल्या गोणपाटासारखा वास आला तर तो बुऱ्याचा. हा लेख मुख्यतः त्याच्यासाठी. झोंबणारा, मुतरट वास असेल आणि कोपऱ्यात काळ्या लेंड्या सापडल्या, तर तिथे उंदीर नांदून गेलेत. मग पाळीव प्राण्यांच्या दुकानात मिळणारा एन्झाइमवाला क्लीनर लागतो, नुसत्या व्हिनेगरने तो वास पुरता जात नाही. खवट वास आला तर कुणीतरी आतून तेल चोळलंय. डांबरगोळ्यांचा असेल तर उघडं ठेवणं आणि वारा, एवढंच औषध. वेळ मात्र खूप लागतो.

आणखी एक पाहून घ्या. ड्रॉवर हलवल्यावर पिठासारखी बारीक भुकटी पडली आणि लाकडात टाचणीएवढी भोकं दिसली, तर आत भुंगेऱ्याच्या अळ्या आहेत. मातीच्या नळ्या दिसल्या तर वाळवी. अशा वेळी वास बाजूला ठेवा आणि आधी कीड नियंत्रणवाल्याला बोलवा. तोवर ते फर्निचर घरातल्या दुसऱ्या लाकडी सामानाजवळ नेऊ नका.

अजून विकत घ्यायचं असेल, ओशिवऱ्याच्या जुन्या फर्निचरच्या दुकानांत किंवा पुण्याच्या जुन्या बाजारात फिरत असाल, तर बाहेरच्या चकाकीकडे बघत बसू नका. सगळ्यात खालचा ड्रॉवर पूर्ण बाहेर ओढा, उलटा करा आणि तळाचा वास घ्या. मग कपाटाच्या मागे जा. पाठीला सागाऐवजी प्लायवूड ठोकलेलं असेल आणि त्याचे पदर सुटलेले असतील, तर भाव करताना तो खर्च धरा. सुटलेल्या प्लायचा वास घालवत बसण्यात अर्थ नाही, पाठ बदलणं स्वस्त पडतं. भुशाच्या बोर्डाचं काही असेल आणि ते फुगलेलं असेल, तर नमस्कार करून पुढच्या दुकानात जा.

वास राहतो कुठे

लाकूड हवेतलं पाणी पितं आणि सोडतं. हवेतली आर्द्रता ६५ टक्क्यांच्या आसपास असेल तर लाकडात वजनाच्या साधारण १२ टक्के पाणी असतं. आर्द्रता ९० टक्क्यांवर जाऊन तिथेच राहिली की हे प्रमाण २० टक्क्यांपर्यंत चढतं, आणि बुऱ्याला एवढं पुरतं. कोकणातला जुलै-ऑगस्ट आठवा. गळकं छप्पर नको, भिंतीची ओल नको, नुसती हवाच पुरे. घर गणपतीपुरतं उघडत असेल तर विचारायलाच नको.

आता गंमत अशी की जुन्या कपाटाला पॉलिश असतं ते बाहेरून. आतल्या फळ्या, ड्रॉवरचा तळ, पाठ, फळ्यांची खालची बाजू हे सगळं कोरं. सुतार म्हणायचा, कोण बघतंय आत! बुरा बरोबर तिथेच बसतो. म्हणून बाहेरून कितीही पुसलं तरी वास जात नाही.

या मातकट वासात ज्या द्रव्यांचा हात असतो त्यांतलं एक म्हणजे जिओस्मिन. पहिल्या पावसात मातीला जो वास येतो, त्यातही तेच असतं. आपलं नाक त्या बाबतीत भलतंच तिखट आहे: पाण्यात एक लाख कोटी भागांत पाच-दहा भाग असले तरी कळतं. पण हे द्रव्य आंबटापुढे टिकत नाही. गोड्या पाण्यातल्या माशाचा चिखलट वास मारायला आपण लिंबू, चिंच किंवा कोकमाचं आगळ लावतो, त्यामागे हेच आहे. कपाटाला आगळ लावायचं नाही अर्थात, डाग पडतील. तिथे व्हिनेगर.

कधी हात घालायचा

दसरा झाल्यावर. ऑक्टोबरचं ऊन पडायला लागलं, हवा कोरडी झाली की फेब्रुवारी-मार्चपर्यंत केव्हाही. पावसाळ्यात हे काम काढूच नये असं माझं मत आहे. नाइलाज असेल तर खोली बंद करून एसी ड्राय मोडवर किंवा डीह्युमिडिफायर लावून करा. आर्द्रता दाखवणारं छोटं डिजिटल यंत्र काही शे रुपयांत मिळतं, ते घ्याच. आकडा ६० च्या खाली राहील अशी खोली हवी. या सगळ्या कामात मला सर्वांत उपयोगी पडलेली वस्तू हीच.

पहिली पायरी : पूर्ण रिकामं करणं

रिकामं म्हणजे अगदी रिकामं. ड्रॉवर बाहेर, निघत असतील त्या फळ्या बाहेर, पितळी कड्या आणि मुठी स्क्रू काढून बाहेर. कुठली फळी कुठली ते खडूने मागे लिहून ठेवा. जुन्या कामात प्रत्येक ड्रॉवर आपल्याच खाचेत बसतो, शेजारच्या खाचेत अडकतो.

मग कागद. आजीच्या मधल्या ड्रॉवरमध्ये वर्तमानपत्रांचे चार थर होते. वरचा पिवळा, त्याखालचा तपकिरी. सगळ्यात खालचा तर लाकडाला असा चिकटलेला की नख लावलं की भुगा व्हायचा, आणि त्यातली अक्षरं उलटी होऊन फळीवर उमटलेली. हळदीकुंकवाची जाहिरात होती, साडीची. वासाचा मोठा वाटा त्या कागदात होता. कागद ओल धरून ठेवतो, आणि तो खळीने चिकटवलेला असेल तर बुऱ्याला आयतं जेवण. असा चिकटलेला कागद कोमट पाण्यात पिळलेल्या फडक्याने दहा मिनिटं झाकून ठेवा, मग प्लास्टिकच्या पट्टीने सोडवा. चाकू नको.

दुसरी पायरी : कोरडी झाड, पण झाडूने नाही

पांढरा-हिरवट बुरा दिसला की हात आपोआप झाडूकडे जातो. जाऊ देऊ नका. कोरडा बुरा झाडला की त्याचे बीजाणू घरभर उडतात, आणि घरात कुणाला दमा असेल तर रात्र खोकण्यात जाते. गच्चीत किंवा गॅलरीत न्या, एन-९५ मास्क लावा आणि दिसणारा बुरा आधी दमट फडक्याने टिपून घ्या. फडकी टाकून देण्याच्या लायकीचीच घ्या. मग सांध्यांमधली धूळ व्हॅक्यूम क्लीनरने ओढा. धूळ बाहेर न सोडणारा, हेपा फिल्टरचा असेल तर उत्तम. जुना टूथब्रश कोपऱ्यांसाठी.

तिसरी पायरी : व्हिनेगर

पांढरं व्हिनेगर, चायनीज पदार्थांत घालतात तेच. बाटलीवर ॲसेटिक ॲसिड ४-५ टक्के लिहिलेलं असतं. एक वाटी व्हिनेगर, एक वाटी पाणी. सुती फडकं त्यात बुडवा आणि घट्ट पिळा. पिळून थेंब पडत असेल तर अजून पिळा.

इथे माझी फजिती ऐका. पहिल्या वेळी मी उत्साहात स्प्रे बाटली भरली आणि ड्रॉवर अक्षरशः भिजवले. दुसऱ्या दिवशी तिन्ही फुगून बसले, एकही आत जाईना. सुतारकाकांना फोन केला तर म्हणाले, "आता आठवडाभर हात लावू नका. रंधा मारायला मला बोलवाल, मग उन्हाळ्यात म्हणाल ड्रॉवर खुळखुळतात." त्यांचं बरोबर होतं. दहाव्या दिवशी ड्रॉवर आपणहून बसले.

तर पिळलेल्या फडक्याने सगळं कोरं लाकूड पुसा: आतल्या बाजू, तळ, तळाची खालची बाजू, पाठ, फळ्यांची पोटं. अर्धा तास थांबा. मग साध्या पाण्यात पिळलेलं दुसरं फडकं फिरवा. बुरा जास्त होता तिथे दुसऱ्या दिवशी पुन्हा एकदा.

दोन गोष्टी सांभाळा. व्हिनेगरबरोबर लोखंडी काथ्या वापरू नका. व्हिनेगर, लोखंड आणि लाकडातलं टॅनिन एकत्र आलं की काळे डाग पडतात आणि ते सहजी निघत नाहीत. गंजलेल्या खिळ्यांभोवतीही फडकं जपून. दुसरं, बाहेरच्या चकचकीत पॉलिशला यातलं काही लावायचं नाही. तिथे मऊ, जेमतेम दमट फडकं पुरतं.

आणि ब्लीच? नको. बाथरूमच्या टाइल्सना ते ठीक. लाकडात ते खोल जात नाही, त्यातलं पाणी मात्र जातं, वर रंग उडतो. व्हिनेगर लावलेल्या जागी ब्लीच तर चुकूनही नको, दोन्ही मिळून विषारी क्लोरीन वायू सुटतो.

चौथी पायरी : वाळवणं

सगळ्यात कंटाळवाणी पायरी हीच आणि खरं काम होतं ते हिच्यातच. दार सताड उघडं, ड्रॉवर बाहेर उभे करून ठेवलेले, समोर टेबल फॅन. दिवसातून दोनदा बाजू बदलायची. दोन-तीन दिवसांत वरवर कोरडं वाटतं, पण इंचभर जाडीची फळी आतून वाळायला आठवडे लागतात. मी तीन आठवडे दिले.

ऊन द्यायचं का? कोऱ्या भागाला द्या, पॉलिशला नको. ड्रॉवर उन्हात पालथे-उताणे करून दोन-तीन तास ठेवले तर छानच. पण अख्खं कपाट दिवसभर गच्चीत उभं केलं तर पॉलिश करपतं, वरचा पातळ पापुद्रा लावलेला असेल तर तो सुटतो, सांधे उकलतात. कपाटाची पाठ उन्हाकडे, तोंड सावलीकडे अशी तडजोड करता येते.

पाचवी पायरी : उरलेला वास ओढून घेणं

बहुतेकांचा लेख इथून सुरू होतो, म्हणून बहुतेकांचा वास जात नाही.

खायचा सोडा पसरट ताटलीत, ड्रॉवरमागे १०० ग्रॅम, तीन दिवस. मदत होते, जादू होत नाही. व्हिनेगरचा राहिलेला आंबूस वास तो चांगला घालवतो. लाकडावर थेट भुरभुरू नका, फटींत बसतो. आणि धुण्याचा सोडा घेऊ नका, त्याने सागासारखं लाकूड काळवंडतं.

माझा भरवसा ॲक्टिव्हेटेड कोळशावर. शेगडीचा कोळसा त्यामानाने फारच कमी काम करतो. हा दाणेदार कोळसा माशांच्या टाक्या विकणाऱ्या दुकानात सहज मिळतो, फिल्टरमध्ये घालतात तो. २०० ग्रॅम मलमलच्या पुरचुंडीत बांधा, प्रत्येक ड्रॉवरमध्ये एक, कपाटात दोन, आणि मग दारं बंद करा. दोन आठवडे.

वास गेला की नाही हे स्वतःच्या नाकाला विचारू नका, ते सरावलेलं असतं. धुतलेला, नुसता उन्हात वाळलेला सुती रुमाल घडी घालून ड्रॉवरमध्ये ठेवा, ड्रॉवर बंद करा. सकाळी बाहेरून आलेल्या माणसाला, दूधवाल्याला नको पण शेजारच्या काकूंना, तो हुंगायला द्या. आमच्या काकूंनी पहिल्यांदा रुमाल हातात घेऊन विचारलं, "कुणाच्या गावाला जाऊन आलात?" म्हणजे अजून आठवडाभर कोळसा.

सहावी पायरी : लाखेचा हात

रुमाल दोनदा पास झाला तर इथे थांबलात तरी चालेल. पण वाळवूनही पुसटसा वास उरत असेल तर तो लाकडात खोल बसलाय, आणि तो कोंडून टाकायचा उपाय म्हणजे चपडी लाख. फ्रेंच पॉलिश तिचंच करतात. झारखंड-छत्तीसगडच्या पळस, बोर, कुसुमच्या झाडांवर लाखेचे किडे जो राळेसारखा थर करतात, त्यापासून ही बनते. वास अडवण्यात तिचा हात धरणारं दुसरं काही इतक्या स्वस्तात मिळत नाही.

हार्डवेअरच्या दुकानातून ५० ग्रॅम चपडी आणि पाव लिटर पॉलिशचं स्पिरिट आणा. काचेच्या बरणीत एकत्र करून रात्रभर ठेवा, मध्येमध्ये हलवा, सकाळी जुन्या ओढणीच्या कापडातून गाळा. कोऱ्या लाकडावर १८० नंबरचा पॉलिश पेपर हलकेच फिरवा, धूळ पुसा, आणि मऊ ब्रशने पातळ हात द्या. दोन तासांनी दुसरा. ड्रॉवर जिथे सरकतो त्या कडांना लावू नका, तिथे मेणबत्ती घासा. ड्रॉवर लोण्यासारखा चालतो.

कपाट तैलरंगाने रंगवलेलं असेल, तो जुना गावठी हिरवा किंवा निळा, तर पॉलिश पेपर मारायचा नाही. भारतात घरगुती रंगातल्या शिशावर दशलक्ष भागांत ९० भाग ही मर्यादा नोव्हेंबर २०१७ पासून आहे. त्याआधीच्या रंगाच्या धुळीत काय असेल याची खात्री नाही, आणि घरात लहान मूल असेल तर हा धोका घेऊच नये.

स्पिरिट पेट घेतं आणि ते विषारीही असतं. खिडक्या उघड्या ठेवा, गॅस बंद, देवापुढची समई सुद्धा. पॉलिश केलेल्या बाहेरच्या भागावर थेंब उडाला तर जुनं पॉलिश विरघळतं, म्हणून कडांना कागदाची चिकटपट्टी लावा. आणि हे काम कोरड्या दिवशीच. दमट हवेत लाखेच्या हातावर पांढरं धुकं धरतं. तसंच, नीट न वाळलेल्या लाकडावर लाख लावली तर ओल आत कोंडली जाते.

आतून तेल लावायचा मोह होईल. अळशीचं तेल बाहेरच्या लाकडाला शोभतं, बंद ड्रॉवरमध्ये खवटतं. बाहेर लावलंत तरी तेलाची फडकी चुरगाळून कोपऱ्यात टाकू नका. वाळताना ती तापतात आणि आपोआप पेटू शकतात. पसरून वाळवा किंवा पाण्यात बुडवून मग टाका.

परत भरताना

डांबरगोळ्या परत टाकू नका. नॅप्थॅलिनचा वास लाकडात वर्षानुवर्षं राहतो, आणि जी६पीडी या तांबड्या पेशींतल्या एन्झाइमची जन्मजात कमतरता असलेल्या तान्ह्या बाळांना त्या कपड्यांपासून त्रास होतो, रक्तातल्या तांबड्या पेशी फुटतात. किड्यांसाठी वेखंडाचे तुकडे किंवा वाळलेला कडुनिंबाचा पाला पुरचुंडीत बांधा. बुऱ्यावर त्यांचा भरवसा धरू नका, त्यांचं काम वेगळं.

कपाट बाहेरच्या भिंतीपासून चार बोटं पुढे ओढा. पावसाची झड लागणाऱ्या भिंतीला तर टेकवूच नका. ड्रॉवरमध्ये वर्तमानपत्राऐवजी धुता येईल असं सुती कापड घाला. कपडे पूर्ण वाळलेले, इस्त्रीची वाफ गेलेले असावेत, आणि ठासून भरू नयेत. जुन्या घरांत मुंग्यांसाठी कपाटाच्या पायांखाली पाण्याची पाळी ठेवत. ती आता नको, पाय ओल पितात.

पावसाळ्यात कपाटात पाणी शोषणारे डबे ठेवता येतात, कॅल्शियम क्लोराइडचे. तळाला पाणी साठलं की फेकायचे. सांडू देऊ नका, ते पाणी लाकडावर डाग पाडतं आणि मुठी गंजवतं. आर्द्रतेच्या यंत्राचा आकडा ७० च्या वर सलग दिसला की आम्ही तासभर दारं उघडून खोलीतला एसी ड्राय मोडवर लावतो. आणि श्रावणात एकदा तळाच्या ड्रॉवरमध्ये रुमाल ठेवतो. यंदा काकूंनी तो हुंगला, झटकला आणि सरळ त्याने चष्मा पुसला.